अस्तर घालण्याआधी: कोकणात नव्याने दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्यांसाठी

इंटर्नशिप संपवलेलं कुणी ना कुणी दरवर्षी आमच्याकडे सहा-आठ महिने हात बसवायला येतं. पहिल्या आठवड्यात एक दृश्य ठरलेलं असतं. दाढ कोरून होते, पाण्याचा फवारा थांबतो, आणि मान न वळवता डावा हात मागे येतो. "मावशी, डायकल." डायकल म्हणजे फिलिंगखाली घालायचं कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं अस्तर. मावशी पंधरा वर्षं मदतनीस आहेत. त्या पॅडवर दोन ठिपके काढून मोकळ्या होतात. खड्ड्याचा तळ मात्र अजून कुणी नीट पाहिलेलाही नसतो.

मीही असाच हात मागे करायचो. कॉलेजात तेच गिरवून घेतलं होतं: खोल असो वा उथळ, फिलिंगखाली काहीतरी हवंच. मग सात-आठ वर्षांनी माझीच फिलिंगं दुसऱ्या कारणाने उघडायची वेळ यायला लागली आणि काही दाढांच्या तळाशी अस्तराच्या जागी ओल्या खडूसारखा चोथा सापडला. एकीत तर तोही नव्हता, नुसती पोकळी होती. वर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, शाबूत, खाली खांब काढलेल्या पडवीसारखं अधांतरी. तेव्हापासून दवाखान्यात नियम केला की तळ पाहिल्याशिवाय, कितपत डेंटिन (इनॅमलच्या कवचाखालचा दाताचा थर) उरलंय याचा अंदाज तोंडाने बोलून दाखवल्याशिवाय मावशींनी काहीही कालवायचं नाही.

आधी दोन शब्दांची फोड करतो, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ असतो. लायनर म्हणजे सारवण. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड नाही. तळाची भोकं बुजवावीत, नसेला धक्का लागू नये, एवढंच त्याचं काम. बेस म्हणजे जोतं. एक-दोन मिलिमीटर किंवा जास्त, गेलेल्या डेंटिनची जागा भरणारं आणि वरचा भार पेलणारं. सारवणाच्या मालाने जोतं बांधायला गेलात की माझ्या दाढांसारखं होतं.

ड्रिल हातात घेण्याआधी

निम्मा निर्णय इथेच लागतो. मालवणकडचा पेशंट सांगतो, "थंड लागला की जीव जाता ओ." एवढं ऐकून थांबू नका. जीव किती वेळ जातो ते विचारा. घोट गिळेपर्यंत कळ निघून जात असेल तर नस चिडलेली आहे, पण सावरणारी आहे. कळ मिनिटभर रेंगाळते, रात्री झोपेतून उठवते, गरम चहाने ठणका वाढतो आणि थंड पाण्याची गुळणी तोंडात धरली की बरं वाटतं, असं सांगितलं तर जगातलं कुठलंही अस्तर त्या नसेला वाचवणार नाही. तिथे रूट कॅनल, किंवा शिकलेला हात असेल तर पल्पोटॉमी, म्हणजे नसेचा फक्त वरचा भाग काढणं. महागडं सिमेंट तळाशी लावून 'बघू काय होतं' म्हणणं हा पेशंटच्या पैशांवर केलेला जुगार झाला.

थंडाच्या तपासणीसाठी गार फवारा नसेल तर इंजेक्शनच्या सुईचं प्लास्टिकचं टोपण पाण्याने भरून फ्रीजरमध्ये उभं ठेवा. बर्फाची छान कांडी मिळते. आधी शेजारच्या चांगल्या दातावर लावून पेशंटला कळ म्हणजे काय ते समजू द्या, मग संशयित दातावर. कांडी वितळून पाणी पुढे ओघळतं, म्हणून मागच्या दाढेपासून सुरुवात करा आणि दात पुसून घ्या. दातावर हलकं ठोकून पाहा. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली आहे का तेही पाहा.

गणपतीत आणि शिमग्यात येणाऱ्या चाकरमान्यांचा हिशोब वेगळा ठेवा. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की परवाची गाडी. 'तीन महिन्यांनी उघडून उरलेली कीड काढू' हे त्यांच्या बाबतीत नुसतं बोलणं असतं. ते तीन महिन्यांनी डोंबिवलीत असतात. तात्पुरतं सिमेंट झिजून पुढच्या शिमग्याला ते गाल सुजवून येतात. त्यांच्यासाठी एकाच बैठकीत कायमचं, पक्कं बंद होईल असंच ठरवा. तसंही दात पुन्हा उघडताना नस उघडी पडण्याची भीती असते, आणि एकदाच नीट बंद केलेले खोल दात चांगले टिकतात, असंच आता अभ्यासांतून दिसतं.

कोरडेपणा

पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट की पापड उघडा ठेवला तर तासाभरात वातड. पण बाहेरचा पाऊस दातात पडत नाही. दातात पडतो तो पेशंटचा श्वास आणि थुंकी, आणि ते वैशाखातही असतं. म्हणून रबर डॅम, दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा. 'पेशंटला आवडत नाही' हे कारण बहुतेक वेळा डॉक्टरचंच असतं. अगदीच जमत नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या वेळेवर बदला आणि सक्शन धरणाऱ्याला फोनपासून लांब ठेवा. ओल्या कडांवर बसवलेल्या फिलिंगखाली कुठलं अस्तर आहे याने काही फरक पडत नाही.

किती कोरायचं

जुनी शिकवण अशी होती की एक्सप्लोरर (तपासायची टोकदार सळई) टक् वाजेपर्यंत सगळं साफ करा. ती मागे पडली. २०१६ साली वेगवेगळ्या देशांतल्या कीडतज्ज्ञांनी एकत्र बसून शब्द ठरवून दिले: मऊ डेंटिन, चामड्यासारखं, घट्ट आणि कठीण. आजची रीत त्या शब्दांवर उभी आहे. खड्ड्याच्या कडा आणि भिंती कठीण डेंटिनपर्यंत साफ करायच्या, कारण सील तिथेच बसणार आहे. नसेवरचा तळ मात्र खोल किडीत मऊ राहिला तरी राहू द्यायचा. मध्यम खोलीत चामड्यापर्यंत थांबायचं. वरून घट्ट बंद झालं की आत अडकलेल्या जंतूंना खायला मिळत नाही आणि नस आतून नवं डेंटिन घालायला लागते.

नव्या हाताला हे जड जातं. डोळ्यांना तपकिरी तळ दिसत असतो आणि हात थांबायला तयार नसतो. भिंतींसाठी हळू फिरणारा मोठा गोल बर (ड्रिलचं पातं) घ्या. तळाला आल्यावर मशीन बाजूला ठेवून धारदार स्पून एक्सकॅव्हेटर (चमच्यासारखं खरवडायचं हत्यार) घ्या. भुसा आपोआप सुटेल तेवढा काढा आणि थांबा. लहान बराने तळ टोकरत बसणं म्हणजे नस उघडी पाडण्याचा सरळ रस्ता.

तळाशी किती उरलं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

डेंटिन भरीव नसतं. आपला जांभ्याचा चिरा आठवा: दिसतो दगड, पण आरपार भोकं, एका बाजूने पाणी घातलं की दुसऱ्या बाजूने पाझरतं. डेंटिनमध्ये इनॅमलजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २०,००० नळ्या असतात. नसेजवळ त्या ४५,००० च्या वर जातात आणि प्रत्येक नळी रुंदही होते, इनॅमलजवळ एका मायक्रॉनपेक्षा कमी तर नसेजवळ अडीच मायक्रॉनच्या आसपास. नळ्यांत द्रव भरलेला असतो. थंड, गरम किंवा हवेचा झोत लागला की तो हलतो आणि आतल्या मज्जातंतूंना खेच बसते. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं हेच ते हायड्रोडायनॅमिक तत्त्व. खोल गेलात की जमीन जास्त सच्छिद्र आणि जास्त ओली होते, बॉण्डिंगही (कॉम्पोझिट दाताला चिकटवणारा द्रव) तिथे कमी पकडतं, हे सगळं त्यातूनच येतं.

जाडीचा हिशोब पाठ करून ठेवा. नसेवर दोन मिलिमीटर डेंटिन शिल्लक असेल तर बहुतेक मालाचा त्रास नसेपर्यंत पोचत नाही. एक मिलिमीटर उरलं तरी त्रासदायक द्रव्यांचा सुमारे ९० टक्के जोर तिथेच जिरतो, आणि अर्धा मिलिमीटर असेल तर सुमारे ७५ टक्के. म्हणजे नसेचा सर्वांत चांगला रक्षक तुमच्या कपाटातल्या बाटलीत नाही. आत्ताच बराखाली जाण्यापासून वाचलेल्या डेंटिनमध्ये आहे.

मोजायचं कसं? अचूक कुणालाच मोजता येत नाही. एक्स-रेवर खड्ड्याचा तळ आणि नसेचं छत यांतलं अंतर पाहा, पण ते सपाट चित्र आहे, पुढेमागे काय आहे ते त्यात दिसत नाही. तळ गुलाबीसर झळकत असेल तर तुम्ही फार जवळ आहात. पेशंट पंधरा-सोळा वर्षांचा असेल तर जास्त घाबरा: कोवळ्या दातात नसेची शिंगं (वर आलेली टोकं) उंच असतात, आणि खालच्या पहिल्या दाढेचं गालाकडचं पुढचं शिंग तर नव्या डॉक्टरची वाटच बघत असतं. साठीच्या आजोबांच्या झिजलेल्या दाढेत नस आतून आक्रसलेली असते; तिथे खोल दिसणारा खड्डाही बऱ्याचदा सुरक्षित असतो.

मग बाटल्या

व्हार्निशवर फार वेळ घालवत नाही. कोपाल नावाची राळ ईथर किंवा ॲसिटोनसारख्या उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेली. दोन-तीन हात दिले की काही मायक्रॉनचा पापुद्रा उरतो. चांदी (पाऱ्याचं अमाल्गम) भरायच्या काळात ते उपयोगाचं होतं. पारा कमी करण्याच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली आणि चांदी हळूहळू मागे पडतेय, तिच्याबरोबर व्हार्निशही. कॉम्पोझिट किंवा ग्लास आयनोमर सिमेंटखाली ते कधीच लावू नका. दोघांनाही दाताला चिकटायचं असतं आणि मध्ये राळ आली की चिकटणं संपलं.

कॅल्शियम हायड्रॉक्साइडबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मागे येणारा हात तेच मागतो. जर्मनीतल्या हर्मान यांनी ते १९२० साली दातांच्या उपचारात आणलं. शुद्ध रूपात त्याचा पीएच १२.५ च्या आसपास. जंतूंना ते सोसत नाही, आणि नसेच्या पृष्ठभागाला चटका बसून खाली नव्या डेंटिनचा पूल तयार होतो. दोन ट्यूबचं जमणारं डायकल त्याचंच सौम्य रूप. गुण खरे आहेत, पण दोषही तेवढेच खरे. ते विरघळतं, कमजोर असतं आणि दाताला चिकटत नाही. त्याने तयार होणाऱ्या पुलात बोगद्यासारखी छिद्रं राहतात हेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसलंय. म्हणून आज त्याची जागा फार छोटी आहे. अगदी खोल, नस जवळपास दिसतेय अशा ठिकाणी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, आणि तो लगेच ग्लास आयनोमरने पूर्ण झाकलेला. तळभर फासायचं नाही. भिंतीला लागलं तर स्पूनने खरवडून काढा, नाहीतर बॉण्डिंग तिथे सुटणार. आणखी एक: ओलाव्याने ते झपाट्याने जमतं. डिसेंबरात आरामात पसरणारा ठिपका आषाढात ॲप्लिकेटरच्या टोकावरच गोळी होऊन बसतो. म्हणून दात तयार झाल्यावरच कालवायला सांगा.

झिंक ऑक्साइड युजेनॉल म्हणजे आपलं लवंगेचं सिमेंट. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. इथे माडा-पोफळीच्या सावलीत जायफळ, मिरी, दालचिनी आणि कुठे कुठे लवंगही लावतात, त्यामुळे दात दुखला की आजी कापसावर लवंगेचं तेल लावून दाढेत कोंबते, आणि पेशंट तसाच कापसासकट आपल्याकडे येतो. आजीचं अर्ध बरोबर असतं. डेंटिन मध्ये असताना युजेनॉल नसेला शांत करतं. उघड्या नसेवर किंवा हिरडीवर मात्र तेच भाजतं. कापूस काढल्यावर हिरडीवर पांढरा चट्टा दिसला तर दचकू नका, आणि आजीवर रागवूही नका.

तात्पुरतं भरायला हे उत्तम, कॉम्पोझिटखाली मात्र वर्ज्य. युजेनॉल कॉम्पोझिटला नीट जमू देत नाही. सुरुवातीला नोकरी केली त्या दवाखान्यात मी हा पराक्रम केलाय: खाली झिंक ऑक्साइड युजेनॉल, वर कॉम्पोझिट. कॉम्पोझिट जमवायचा लाइट दाखवूनही खालचा थर च्युइंगमसारखा राहिला. मला वाटलं लाइट बिघडला. मॅडमनी काही न बोलता बाटलीवरचं नाव वाचायला लावलं. आधी हे तात्पुरतं सिमेंट असलेल्या दातात कॉम्पोझिट करायचं असेल तर भिंतींचा वरचा पापुद्रा बराने ताजा करून घ्या. दमट हवेत हेही घाईने जमतं. जमायला त्याला पाणीच लागतं, आणि आपल्याकडे जुलैत ते हवेतूनच मिळतं.

झिंक फॉस्फेटने कित्येक पिढ्यांची जोती घातली. मजबूत आहे, पण कालवल्याबरोबर पीएच २ च्या जवळ असतो आणि उदासीन व्हायला दोन दिवस लागतात. खोल दातात ते उघड्यावर घालणं म्हणजे नसेवर लिंबू पिळणं. थंड काचेवर, पावडरचे छोटे भाग करून, दीड-दोन मिनिटं रुंद पसरवत कालवायचं. पुस्तकात 'थंड काच' वाचून कुणी ती थेट फ्रीजमधून काढतं. आपल्या हवेत त्या काचेला लगेच घाम फुटतो, ते पाणी सिमेंटात जातं, आणि सिमेंट घाईने जमून कमजोर होतं. काच थंड हवी, पण घाम येण्याइतकी नको. बोटाने पुसून पाहा, ओल लागली तर थांबा. पॉलिकार्बॉक्सिलेट हे डेनिस स्मिथ यांनी १९६८ साली आणलेलं सिमेंट, दाताला रासायनिक रीतीने चिकटणारं पहिलं. नसेला ते सौम्य आहे. आता अस्तरासाठी क्वचितच निघतं.

माझ्या दवाखान्यातला रोजचा माल

ग्लास आयनोमर विल्सन आणि केंट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७२ साली पुढे आणलं. त्याच वर्षी आमच्या दापोलीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. दोघांचा संबंध काही नाही, पण मला साल त्यामुळे लक्षात राहतं. काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल. ते स्वतःहून दाताला चिकटतं, फ्लोराइड सोडतं, आणि गरम-थंडाने फुगणं-आकसणं जवळपास डेंटिनसारखंच. अस्तरासाठी पातळ कालवतात, जोत्यासाठी घट्ट. रेझिन मिसळलेला प्रकार लाइटने जमतो, ओलावा जास्त सोसतो आणि लगेच कॉम्पोझिट घालता येतं, म्हणून लायनरसाठी मी तोच घेतो.

कालवण्याची रीत सांगतो, कारण इथेच माल बिघडतो.

पावडरची बाटली बंद असताना हलवून पावडर मोकळी करा. तळाशी दडपलेली पावडर चमच्यात जास्त भरते. चमचा कडेला घासून सपाट करा. लिक्विडची बाटली आधी आडवी, मग पूर्ण उभी उलटी धरा. पहिल्या थेंबात बुडबुडा असेल तर तो टाकून द्या. अर्ध्या बुडबुड्याचा थेंब म्हणजे अर्धं लिक्विड. कागदी पॅड आणि प्लास्टिकचा स्पॅच्युला वापरा, कारण काचेची पूड लोखंडाला घासते आणि सिमेंट करडं होतं. पावडर दोन भागांत घ्या, घोटत बसू नका, घडी घातल्यासारखं दुमडत अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपवा. मिश्रण चकचकीत दिसेपर्यंतच दातात घाला. चमक गेली, तार तुटायला लागली, की ते चिकटण्याच्या पलीकडे गेलं. पाणी घालून सैल करू नका. फेकून द्या.

दातात घालताना तळ सुकवून वाळवंट करू नका. ओलसर चमक राहू द्या. बॉल बर्निशरच्या (गोल टोकाच्या अवजाराच्या) टोकावर अगदी थोडं घेऊन सर्वांत खोल जागेवर टेकवा, ते स्वतः पसरेल. अर्धा मिलिमीटर पुरे. कडा, भिंती आणि इनॅमल स्वच्छ राहिलेच पाहिजेत. लाइट डबीवर लिहिलाय तेवढा वेळ. मग इनॅमलच्या कडांना ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल, डेंटिनला लागलंच तर १५ सेकंदांच्या वर नाही, धुवा, बॉण्डिंग, आणि कॉम्पोझिट दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी. खोल खड्ड्यात खाली घट्ट ग्लास आयनोमर आणि वर कॉम्पोझिट असा जाड सँडविच केलात तर कॉम्पोझिट कमी लागतं, आकसण्याचा ताणही कमी पडतो.

एक सक्त ताकीद: रेझिनवालं ग्लास आयनोमर उघड्या नसेवर थेट लावायचं नाही. त्यातला हेमा हा घटक नसेला विषारी आहे.

काहीच न घालणं

हाही पर्याय आहे, आणि बऱ्याचदा हाच बरोबर असतो. तळाशी दीड-दोन मिलिमीटर डेंटिन असेल तर चांगलं लावलेलं बॉण्डिंग स्वतःच नळ्या बुजवतं. कॉम्पोझिटखाली लायनर घातल्याने नंतरची सणक कमी होते का, याचा आढावा कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१६ साली घेतला. आठ चाचण्या, ७०० हून जास्त माणसं. लायनरने फायदा होतो असं ठाम म्हणावं असा पुरावा त्यांना मिळाला नाही. फिलिंगनंतर सणक आली की आपण अस्तराला दोष देतो, पण बहुतेक वेळा दोष जास्त सुकवलेल्या डेंटिनचा, घाईने फासलेल्या बॉण्डिंगचा किंवा उंच राहिलेल्या चावण्याचा असतो. चावण्याचा कागद आधी लावा, सिमेंट नंतर बदला.

नस उघडी पडली तर

घाबरून कापूस कोंबू नका. रबर डॅम असेल तर अजून बाजी हातात आहे. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला बोळा हलक्या दाबाने काही मिनिटं धरा. रक्त थांबलं, छिद्र टाचणीएवढं आणि पेशंटला आधी ठणका नव्हता, तर झाकून पाहण्यात अर्थ आहे. दहा मिनिटांनीही भळभळत असेल तर आत सूज आहे.

झाकायला आज कॅल्शियम सिलिकेट कुळातला माल. एमटीए मेहमूद तोराबिनेजाद यांच्या चमूने १९९३ साली मांडलं; मूळ नातं पोर्टलँड सिमेंटशी, म्हणजे घराच्या स्लॅबच्या चुलत भावाशी. ओलाव्यातच जमतं, पण जमायला पावणेतीन तास घेतं, आणि बिस्मथ ऑक्साइडमुळे पुढच्या दातांना काळपट छटा येऊ शकते. त्याच कुळातलं बायोडेंटिन: कॅप्सूलमध्ये पाच थेंब घालून मशीनवर ३० सेकंद फिरवायचं, सुमारे १२ मिनिटांत जमतं. ती १२ मिनिटं हात लावायचा नाही. मला पहिल्या पहिल्यांदा सहाव्या मिनिटाला चाळवाचाळव केल्याशिवाय राहवायचं नाही. आता घड्याळ लावून पेशंटशी आंब्याच्या मोहराच्या गप्पा मारतो. महाग आहे, म्हणून किंमत आधी सांगा आणि एक कॅप्सूल कायम शिल्लक ठेवा. पुण्या-मुंबईहून माल यायला घाट बंद असला की चार दिवस लागतात, आणि नस नेमकी त्याच चार दिवसांत उघडी पडते.

वीज गेली तर

जून ते सप्टेंबर हा प्रश्न येणारच. छोट्या इन्व्हर्टरवर दिवा चालतो, कॉम्प्रेसर नाही. दाढ अर्धी कोरलेली असताना अंधार झाला तर पेशंटला तात्पुरतं भरून घरी पाठवू नका. १९८० च्या दशकात टांझानियात विजेविना दात भरण्याची एक पद्धत रुजली: हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढायची आणि घट्ट कालवलेलं, स्वतः जमणारं ग्लास आयनोमर बोटाने दाबून भरायचं. तीच वापरा. स्पून, बॅटरी, कापूस आणि एक बाटली, एवढ्यावर दाढ नीट बंद होते. म्हणून लाइटने जमणारं असलं तरी स्वतः जमणाऱ्या ग्लास आयनोमरची डबी कपाटात असलीच पाहिजे.

बाटल्यांची देखभाल मावशींकडून शिका. पावडरचं झाकण चमचा काढताच बंद. एकदा ओल लागून गुठळी झाली की ती बाटली बाद. ग्लास आयनोमरचं लिक्विड फ्रीजमध्ये ठेवू नका, घट्ट होतं. बॉण्डिंग आणि कॉम्पोझिट फ्रीजमध्ये असतील तर सकाळी दवाखाना झाडायच्या वेळीच बाहेर काढा. थंडगार बाटली दमट हवेत उघडली की तिच्या आतही घाम फुटतो. बॉण्डिंगचा थेंब आधी काढून ठेवू नका, द्रावक उडून जातं. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा.

केसपेपरवर काय लिहायचं

'डीप केरीज, डायकल, कॉम्पोझिट' एवढं लिहिलेला कागद पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. तळाशी मऊ डेंटिन मुद्दाम ठेवलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. अंदाजे किती डेंटिन उरलं, कुठला माल, किती जाड, थंडाला दात आधी कसा बोलत होता, हे सगळं. चाकरमान्यांना त्या कागदाचा आणि एक्स-रेचा फोटो त्यांच्याच फोनवर काढून द्या. सहा महिन्यांनी कल्याणात किंवा बोरिवलीत कुणी एक्स-रे काढेल, मुद्दाम ठेवलेल्या मऊ डेंटिनची किंवा साचलेल्या बॉण्डिंगची काळी रेघ फिलिंगखाली दिसेल, आणि ती कीड समजून चांगली दाढ पुन्हा उघडली जाईल. पेशंटला एवढंच सांगा: आठवडाभर थंड थोडं सणकलं तर चालेल, पण रात्री ठणकून जाग आली तर तुमच्या तिथल्या डॉक्टरला आधी हा फोटो दाखवा.